मॉथमॅननं कुणालाच सावध केलं नव्हतं, सिल्व्हर ब्रिज एका चिरेनं पडला

सध्या एकच मेसेज सगळीकडं फिरतोय. तालमीच्या ग्रुपवर आला, कंपनीच्या ग्रुपवर आला, घरातल्या ग्रुपवर तर दोघांनी टाकला, आणि परवा आमच्या आत्यानं फोन करून विचारलं, हे खरं हाय का रं, मला रात्री झोप लागंना. म्हणून बसून सविस्तर लिहितोय. लांबलंय, पण वाचा.

मेसेज ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पॉइंट प्लेझंट नावाचं गाव आहे. तिथं १९६६ ला सात फूट उंच, पंखवाला, लाल डोळ्यांचा प्राणी दिसायला लागला, त्याला मॉथमॅन म्हणतात. तेरा महिने शंभरावर लोकांना तो दिसला, तो येणाऱ्या संकटाची सूचना देत होता, पण गावानं ऐकलं नाही, आणि १५ डिसेंबर १९६७ ला तिथला सिल्व्हर ब्रिज नदीत कोसळला, ४६ माणसं मेली. पूल का पडला हे शास्त्रज्ञांना आजवर कळलेलं नाही. त्यानंतर मॉथमॅन गायब झाला, पुढं चेर्नोबिलला दिसला, मिनियापोलिसला पूल पडायच्या आधी दिसला. आणि मग शेवटची ओळ, जिच्यामुळं आत्याची झोप उडाली: २०१९ च्या महापुराआधी आपल्या कोल्हापुरात पण लोकांनी रात्री असाच मोठा पक्षी बघितला होता, घुबडं ओरडत होती, यंदा पुन्हा दिसायला लागलाय, दहा जणांना पाठवा.

मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत क्वालिटीला आहे. दिवसभर कामच हे, की लोखंडात चीर आहे का नाही ते बघायचं. आणि सुट्टीला कळंबा, रंकाळा, कधी दाजीपूर असं पक्षी बघत फिरतो. त्यामुळं ह्या मेसेजातल्या दोन्ही गोष्टी, पूल आणि पक्षी, माझ्या रोजच्यातल्या आहेत आणि दोन्हींबद्दल त्यात चुकीचं लिहिलंय. तारीख आणि मेलेल्यांचा आकडा तेवढा बरोबर आहे. बाकी एकेक घेतो.

"तेरा महिने तो सावध करत होता."

पहिल्यांदा हे बघा की पहिल्या रात्री नेमकं काय झालं. १५ नोव्हेंबर १९६६, रात्रीची वेळ, दोन तरुण जोडपी एका गाडीतनं गावाबाहेर फिरायला गेलेली. जागा म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला टीएनटी नावाचं स्फोटक बनवायचा बंद पडलेला कारखाना, दारूगोळा ठेवायला बांधलेल्या मातीनं झाकलेल्या काँक्रीटच्या घुमटासारख्या खोल्या, आजूबाजूला झाडी आणि पाणी, आणि तो सगळा परिसर नंतर वन्यजीव क्षेत्र म्हणून ठेवलेला. तिथं त्यांना लाल डोळे दिसले, माणसाएवढं काहीतरी राखाडी दिसलं, पंख दिसले, ते घाबरले, गाडी पळवली, ते गाडीमागं उडत आलं असं त्यांनी पोलिसात जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी गावच्या पेपरात बातमी, आणि मग रोज कुणाला ना कुणाला दिसायला लागलं.

ह्यात पूल कुठं आहे? ती जागा पुलापासून काही मैल लांब आहे. जे घाबरले ते म्हणाले काहीतरी आमच्या मागं लागलं. सूचना दिली, इशारा दिला, असं त्या पोरांनी त्या रात्री सांगितलेलंच नाही. आणि इशारा म्हणायचा तर कशाबद्दलचा इशारा हे तरी कळायला पाहिजे ना, पूल बंद करा असं कुणाला समजलं असतं तर ती सूचना. लाल डोळे दाखवून अंधारात उडून जाणं ह्यातनं कुठल्या माणसानं पुलावर गाडी घालायची नाही असा अर्थ काढायचा होता?

तो अर्थ नंतर चिकटवला गेला. जॉन कील नावाचे लेखक होते, ते त्या काळात तिथं जाऊन लोकांशी बोलत होते, त्यांचं पुस्तक आलं १९७५ ला, म्हणजे पूल पडून जवळजवळ आठ वर्षांनी, आणि मॉथमॅन आणि पूल ही जोडी जगभर गेली ती त्या पुस्तकामुळं आणि २००२ ला त्याच्यावर आलेल्या सिनेमामुळं. आणि त्याच पुस्तकात कील स्वतः लिहितात की त्यांना ज्या भाकितांचे फोन येत होते त्यावरनं ते वाट बघत होते वेगळ्याच संकटाची, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ख्रिसमसच्या झाडाचे दिवे लावेल तेव्हा देशभर वीज जाणार म्हणून. दिवे लागले, वीज गेली नाही, पडला तो पूल. मग भाकीत खरं ठरलं असं कसं म्हणायचं? जे घडलं त्याच्यावर आधीचं सगळं बसवून घेतलं, एवढंच झालं.

आणि त्या गावात मॉथमॅनच्या आधीपासनं दुसरी एक गोष्ट होतीच. कॉर्नस्टॉक नावाचा शॉनी लोकांचा प्रमुख, त्याला १७७७ ला तिथल्याच किल्ल्यात बोलणी करायला आलेला असताना मारलं, हा इतिहास आहे, आणि मरताना त्यानं गावाला शाप दिला ही दंतकथा. पूल पडल्यावर लोकांनी तो शाप पण काढला. म्हणजे एकाच पुलाला एक शाप आणि एक मॉथमॅन. दंतकथा म्हणून मला दोन्ही आवडतात, आपल्याकडं पण प्रत्येक गडाला अशी एक असते. पण ती पूल पडायचं कारण म्हणून कुणी मेसेजात घालायला लागला की मला बोलावं लागतं.

"शंभरावर लोकांनी बघितला, सगळे खोटं बोलतात का?"

नाही. मला वाटतंय बहुतेकांनी खरंच काहीतरी बघितलं. घाबरलेल्या माणसाला खोटारडा म्हणायचं मला पटत नाही. पण काय बघितलं हा प्रश्न वेगळा आहे.

गगनबावड्याच्या रस्त्याला रात्री बाईकवरनं आलाय का कधी? पाऊस संपल्यावरचे दिवस, रस्ता मोकळा, वळण घेतलं की एकदम समोर रस्त्याच्या मधोमध दोन लालभडक ठिपके. हेडलाइट पडला की पेटतात, लाइट जरा बाजूला गेला की विझतात. तुम्ही स्पीड कमी करता, ठिपके हलत नाहीत, आणि अगदी चाकाजवळ आल्यावर काहीतरी रुंद पंखांचं, पांढुरके डाग असलेलं, अजिबात आवाज न करता तोंडासमोरनं वर उठतं आणि अंधारात जातं. मागं बसलेला माणूस ओरडतो. पुढं चहाला थांबल्यावर तो जे सांगतो त्यात त्या पक्ष्याचे पंख हातभर झालेले असतात. तो रातवा असतो. रस्त्यावर बसून किडे टिपतो. अंगानं साळुंकीएवढा. दिवसा वाळक्या पाल्यात बसलेला असला तर पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.

अंधारात असंच होतं. आजूबाजूला झाड, खांब, माणूस काहीच दिसत नसतं, त्यामुळं ते किती लांब आहे कळत नाही, आणि अंतर कळलं नाही की आकार पण कळत नाही. जवळचं लहान आणि लांबचं मोठं ह्यातला फरकच जातो. वर भीती. आणि डोळ्यांचं म्हणाल तर कुठल्याच पक्ष्याचा डोळा स्वतःहून उजेड टाकत नाही, डोळ्यात गेलेला उजेड आतनं परत फिरतो म्हणून तो चमकतो. त्या पहिल्या रात्रीच्या पोरांनी डोळ्यांचं वर्णन केलं ते सुद्धा गाडीच्या रिफ्लेक्टरसारखे असंच केलंय. रिफ्लेक्टर कधी चमकतो? त्याच्यावर लाइट पडला की.

तिथल्या तिथं, त्याच आठवड्यात, वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातले वन्यजीव शास्त्रज्ञ रॉबर्ट स्मिथ यांनी सांगितलं होतं की हा सँडहिल क्रेन असावा. हा आपल्या सारसाच्या घराण्यातला क्रौंच, उभा राहिला की माणसाच्या छातीपर्यंत येतो, पंख पसरले की सहा-सात फूट, रंग राखाडी, आणि डोळ्यापाशी लाल कातडी. त्या भागात तो सहसा नसतो, वाट चुकून आलेला असू शकतो. तिथल्या शेरीफचं म्हणणं होतं मोठा बगळा असेल. नंतर जो निकेल नावाच्या संशोधकानं घुबडाकडं बोट दाखवलं, तिथं बार्ड आऊल म्हणून एक मोठं घुबड आहे, त्याचे डोळे उजेडात लाल चमकतात. माझं स्वतःचं मत घुबडाकडं जास्त झुकतं, कारण पडक्या इमारती, आवाज न करता उडणं, गोल चेहरा आणि मान नसल्यासारखं दिसणं, हे सगळं त्यात बसतं. क्रौंच कुणी बघितला तर त्याच्या लांब मानेबद्दल आणि लांब पायांबद्दल पहिल्यांदा बोलेल. सगळ्या शंभर लोकांनी एकच गोष्ट बघितली असंही मानायचं कारण नाही, कुणी घुबड बघितलं असेल, कुणी बगळा, आणि पेपरात रोज बातमी येत असताना कुणाला साधी सावली पण पुरते.

आणि हा भाग मेसेजात कधीच नसतो, की बातमी आल्यावर रात्री शेकडो लोक बंदुका घेऊन त्या झाडीत जायला लागले. त्याच डिसेंबरात जवळच्या एका शेतकऱ्यानं एक घुबड मारलं, पांढरं, उत्तर ध्रुवाकडनं येणारं हिमघुबड. मॉथमॅन सापडला नाही, जीव गेला तो घुबडाचा. हे लक्षात ठेवा, पुढं परत ह्याच्यावर येणार आहे.

"पूल का पडला हे शास्त्रज्ञांना आजवर कळलेलं नाही."

मी हे सगळं लिहायला बसलो ते ह्या एका ओळीमुळं. हे साफ खोटं आहे. पूल का पडला, कुठल्या जोडात पडला, कुठल्या नंबरच्या पट्टीत पडला, त्या पट्टीच्या भोकाच्या कुठल्या बाजूला चीर होती आणि ती किती खोल होती, हे सगळं माहीत आहे आणि १९७० च्या शेवटी आलेल्या सरकारी अहवालात छापलेलं आहे.

सिल्व्हर ब्रिज १९२८ ला सुरू झाला, ओहायो नदीवर, एका बाजूला पॉइंट प्लेझंट आणि पलीकडं ओहायो राज्य. ॲल्युमिनियमचा रंग मारलेला म्हणून सिल्व्हर. झुलता पूल होता, पण आपण फोटोत बघतो तशा हजारो तारांच्या दोरखंडाचा नाही. त्याला दोरखंडाच्या जागी साखळी होती, सायकलच्या चेनची रचना असते तशी, पण राक्षसी आकाराची. दोन इंच जाड, बारा इंच रुंद आणि पन्नासेक फूट लांब अशा पोलादी पट्ट्या, दोन्ही टोकांना भोक, त्याला आय म्हणतात, आणि पट्टीला आयबार. भोकातनं पिन घालून एक कडी दुसऱ्या कडीला जोडायची. पोलाद कमी लागावं म्हणून हीट ट्रीटमेंट केलेलं जास्त ताकदीचं कार्बन स्टील वापरलं, आणि प्रत्येक कडीत फक्त दोन पट्ट्या ठेवल्या. दुसऱ्या पुलांवर एका कडीत चार, सहा अशा पट्ट्या असायच्या, एक तुटली तरी बाकीच्या धरून ठेवायच्या. इथं एक तुटली तर उरली एकच, आणि ती एकटी पिनवर तिरकी होऊन निसटणार. वर खांब सुद्धा असे होते की ते स्वतःच्या जिवावर उभे नव्हते, साखळीनं तोलून धरलेले होते. साखळी गेली की खांब गेले, खांब गेले की सगळंच गेलं.

१५ डिसेंबर १९६७, संध्याकाळी पाचच्या सुमारास, ऑफिस सुटलेलं, ख्रिसमसची खरेदी, पुलावर गाड्यांची रांग, कडाक्याची थंडी. ओहायोच्या बाजूला उत्तरेकडच्या साखळीतली ३३० नंबरची पट्टी भोकापाशी तुटली आणि मिनिटभरात पूर्ण पूल नदीत. पुलाबरोबर ३१ गाड्या खाली गेल्या. ४६ मेले, त्यातल्या दोघांचे मृतदेह कधीच सापडले नाहीत.

मग त्यांनी काय केलं तर नदीतनं पुलाचे तुकडे काढले, जवळच्या एका मोकळ्या शेतात जसे पुलावर होते तसे ओळीनं मांडले आणि एकेक तपासत गेले. बाकीचे तुकडे पडताना वाकले, फाटले. ह्या एका पट्टीच्या भोकापाशी तुटलेली कड वेगळी होती, तिथं जुन्या गंजलेल्या चिरेची खूण होती. खोली साधारण एक दशांश इंच, म्हणजे अडीच मिलिमीटर. ही चीर चाळीस वर्षांत तयार झाली होती. एका बाजूनं गंज आणि ताण मिळून धातू आतनं कुरतडत होते, त्याला स्ट्रेस कोरोजन म्हणतात, आणि दुसऱ्या बाजूनं गाडी आली की ताण वाढतो, गेली की उतरतो, असं लाखो वेळा, त्याला कोरोजन फटिग. पूल बांधला तेव्हाची फोर्ड मॉडेल टी असायची सातशे किलोच्या आसपास, १९६७ ला अमेरिकन गाडी झाली होती सरासरी अठराशे किलोची, ट्रक तर विचारूच नका. थंडीत असं कडक स्टील ठिसूळ होतं. चीर एका मापापर्यंत वाढली आणि मग कुणाला काही कळायच्या आत कडाडकन आरपार गेली.

आमच्याकडं अशी चीर शोधायची रोजची पद्धत आहे, डीपी म्हणजे डाय पेनिट्रंट टेस्ट. पार्ट आधी तेल, धूळ घालवून स्वच्छ पुसायचा. त्याच्यावर लाल डाय मारायचा, दहाएक मिनिटं तसाच ठेवायचा, तो पातळ असतो, केसाएवढ्या फटीत पण शिरतो. मग वरचा डाय कापडानं पुसून टाकायचा, पार्ट परत जसाच्या तसा दिसतो, तुम्ही म्हणाल ह्याला काय झालंय, चांगला तर आहे. मग पांढरा डेव्हलपर मारायचा आणि थांबायचं. थोड्या वेळानं त्या पांढऱ्यावर आपोआप एक बारीक लाल रेघ उमटते. नुसत्या डोळ्यांनी कितीही बघितलं असतं तरी ती दिसली नसती. रेघ दिसली की पार्ट रिजेक्ट, मग डिस्पॅचवाला कितीही बोंबलू दे.

पण ह्या टेस्टला तो पृष्ठभाग मोकळा लागतो. सिल्व्हर ब्रिजची चीर होती भोकाच्या आतल्या बाजूला, पिन आणि पट्टी ह्यांच्या मधल्या जागेत, दोन्ही बाजूंनी झाकलेली. जोड खोलल्याशिवाय ती दिसणं शक्य नव्हतं, आणि चालू पुलाचा जोड खोलायचा म्हणजे पूलच उतरवायचा. अहवालात हे स्पष्ट लिहिलंय की त्या वेळी माहीत असलेल्या कुठल्याही तपासणीनं जोड न खोलता ती चीर सापडली नसती, आणि पूल बांधला त्या काळात अशा स्टीलला उघड्या हवेत असा रोग होतो हेच माहीत नव्हतं.

आता परत मेसेज वाचा. "सूचना देत होता, पण गावानं ऐकलं नाही." म्हणजे दोष कुणाचा झाला? त्या गावाचा. त्या ४६ लोकांचा. संध्याकाळी कामावरनं घरी निघालेल्या, पोरांसाठी खरेदी करून निघालेल्या माणसांवर तुम्ही ठपका ठेवताय की त्यांनी ऐकलं नाही म्हणून ते मेले. त्यांना कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. सांगता येण्यासारखं पूल बघणाऱ्या इंजिनिअरला सुद्धा माहीत नव्हतं. मला ह्या गोष्टीचा खरंच राग येतो, कारण असा मेसेज टाकणाऱ्याला वाटतं तो एक भारी थरारक किस्सा सांगतोय, आणि त्या गावात त्या लोकांची मुलंबाळं अजून राहतात.

आणि खरी सूचना कुठली होती, ती कुणी ऐकली, ते पण सांगतो. नदीवर वरच्या अंगाला सेंट मेरीज नावाच्या गावात अगदी तशाच डिझाइनचा दुसरा पूल होता. तिथं मॉथमॅन गेला नव्हता. पण सिल्व्हर ब्रिज पडल्यावर तो पूल वाहतुकीला बंद केला आणि १९७१ ला पाडून टाकला. १९६८ ला कायदा झाला, १९७१ ला अमेरिकेत पहिल्यांदा देशभरासाठी पूल तपासणीचे नियम आले, दर दोन वर्षांनी तरी पूल तपासायचाच, तपासणारा माणूस शिकलेला पाहिजे, नोंद ठेवलीच पाहिजे. त्याआधी असा देशव्यापी नियमच नव्हता. सिल्व्हर ब्रिजच्या जवळ नवा पूल झाला तो बरोब्बर दोन वर्षांनी, १५ डिसेंबर १९६९ ला सुरू केला, आणि त्याला साखळी नाही. पुढं फटिग आणि फ्रॅक्चर शिकवताना ३३० नंबरच्या त्या पट्टीचं उदाहरण देतात. शास्त्रज्ञांना कळलं नाही म्हणे!

"पूल पडल्यावर तो गायब झाला."

ह्याच्यावर जास्त वेळ घालवत नाही. मुळात बहुतेक बातम्या १९६६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरातल्या आहेत, पूल पडायच्या वर्षभर आधीच जोर ओसरला होता. आणि मॉथमॅन मानणारे लोकच सांगतात की २०१७ ला शिकागोत तो परत दिसला. दोन्ही कसं खरं धरायचं? गावात मात्र तो आहे, २००३ पासनं त्याचा स्टीलचा चकचकीत पुतळा आहे आणि दरवर्षी सप्टेंबरात जत्रा भरते, लांबलांबनं लोक येतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, गाव जगतंय त्याच्यावर.

"चेर्नोबिलला आणि मिनियापोलिसला पण दिसला होता."

चेर्नोबिलचा स्फोट २६ एप्रिल १९८६ ला झाला, रात्री चाललेल्या एका चाचणीत, रिॲक्टरच्या डिझाइनमध्ये दोष होते आणि सुरक्षेच्या व्यवस्था बंद ठेवल्या होत्या. त्याच्यावर आंतरराष्ट्रीय पातळीवर चौकशी झाली, त्यात पक्षी कुठंच नाही.

मिनियापोलिसचं तर अजून स्पष्ट आहे. १ ऑगस्ट २००७, मिसिसिपी नदीवरचा पूल, १३ लोक गेले. पुलाचे लोखंडी तुळईचे जोड ज्या प्लेटनं धरलेले असतात, त्या गसेट प्लेट काही ठिकाणी अर्धा इंचाच्या होत्या, हव्या होत्या एक इंचाच्या. डिझाइन करतानाच हिशोब चुकलेला, चाळीस वर्षं कुणाच्या लक्षात आला नाही, आणि त्या दिवशी दुरुस्तीसाठी खडी, वाळू आणि मशिनरी नेमकी त्याच भागावर ठेवली होती. जाडी मोजायला मॉथमॅन लागत नाही, कॅलिपर लागतो आणि जुनी ड्रॉइंग काढून परत हिशोब करायची तयारी लागते.

आपल्याकडचंच बघा. महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकाळातला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, एसटीच्या दोन बस घेऊन. मोरबीला ३० ऑक्टोबर २०२२ ला झुलता पूल तुटला, एसआयटीनं सांगितलं की एका मुख्य केबलच्या ४९ तारांपैकी २२ तारा आधीपासनंच गंजलेल्या होत्या. तिथं शाप, भूत, पक्षी असलं काही शोधत बसलो असतो तर त्या २२ तारा कुणी मोजल्या असत्या?

"२०१९ च्या महापुराआधी कोल्हापुरात पण दिसला होता."

कुणाला दिसला, कुठं, कधी, मेसेजात काहीच नाही. पण समजा कुणाला रात्री मोठा पक्षी दिसला, घुबड ओरडताना ऐकलं. दिसणारच की. आपल्या चारी बाजूंनी ऊस आहे, उसात उंदीर आहेत, उंदरामागं गव्हाणी घुबड येतंच, पांढरं तोंड, ओरडतं असं की अंगावर काटा येतो. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, गुऱ्हाळाच्या पडक्या शेडात ते राहतं. पिंगळा तर पेठेत पण आहे, संध्याकाळी वायरवर बसलेला असतो. संध्याकाळी वाघळांचे थवे जातात, एकेकाचे पंख पसरले तर चार फूट भरतात. हे सगळे २०१९ ला होते, २०१८ ला होते, जेव्हा महापूर आला नाही त्या सगळ्या वर्षी पण होते. ज्या वर्षी पूर येत नाही त्या वर्षी घुबड ओरडलेलं कोण लक्षात ठेवतो?

आणि महापुराची सूचना कोल्हापूरकराला कुठनं मिळते हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे का? राजाराम बंधारा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. जुलै-ऑगस्टात सकाळी उठल्या उठल्या प्रत्येक घरात पहिला प्रश्न तोच असतो, पंचगंगा किती फुटावर आहे, राधानगरीचे किती दरवाजे उघडलेत. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला परत गेलं. कारणं सगळ्यांना माहीत आहेत, धरणक्षेत्रात थोड्या दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस, धरणं भरलेली, खाली कृष्णेला फुगवटा, आणि पूररेषेच्या आत आपण केलेली बांधकामं. ह्या शेवटच्या कारणावर बोलायला गेलं की अवघड होतं, नावं निघतात, भांडणं होतात. लाल डोळ्याच्या पक्ष्यावर बोललं की कुणाचंच काही बिघडत नाही, म्हणून तो मेसेज पटापट पुढं जातो असं मला वाटतं.

बिघडतं ते घुबडांचं. असा मेसेज फिरला की पोरं दगड घेऊन झाडाखाली जमतात. घुबड दिसलं की अपशकुन म्हणून हाकलायचं, मारायचं, आणि अमावस्येला पकडून विकायचं, हे आपल्या जिल्ह्यात होत नाही असं कुणी म्हणू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, घुबड मारणं, पकडणं, पाळणं, विकणं सगळा गुन्हा आहे. त्यात गव्हाणी घुबडाची एक जोडी रात्रभर उसातले उंदीर उचलते, ते काम करायला शेतकऱ्याला औषधाचा खर्च करावा लागतो.

तेव्हा मेसेज आला तर पुढं पाठवू नका, पाठवलेला असला तर त्याच ग्रुपवर हे टाका. आणि पावसात भिजून किंवा मांज्यात अडकून एखादं घुबड खाली पडलेलं दिसलं तर गर्दी करू नका, जाड टॉवेल टाकून अलगद उचला, नख्यांपासनं हात सांभाळा, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून खोकं अंधाऱ्या शांत जागी ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, दूध तर अजिबात नको, आणि वनखात्याच्या १९२६ ह्या नंबरला फोन लावा.